मुंग्या गेल्या, चित्रही गेले!

“आता दिसतंय का?”

“नाही हो, अजून मुंग्याच आहेत!”

गच्ची आणि दिवाणखाना यांच्यामधला हा संवाद आपल्यापैकी पुष्कळांच्या कानांत अजून असेल. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत दूरचित्रवाणी सुरू झाली, पुढच्या वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे ती पुणेकरांच्या घरी पोहोचली, आणि घराघरांवर ॲल्युमिनियमच्या दांड्यांचे सांगाडे उभे राहिले.

या सांगाड्याचे माहेर जपानात. सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठातील प्राध्यापक हिदेत्सुगु यागी आणि त्यांचे सहकारी शिंतारो उदा यांनी १९२६ च्या सुमारास हा अँटेना जगापुढे मांडला. रचना अगदी साधी. एका दांडीला तार जोडायची. तिच्यामागे किंचित लांब दांडी ठेवायची, ती लहरी परतवते. पुढे आखूड दांड्या ठेवायच्या, त्या लहरींना वाट दाखवतात. घरी मात्र या शोधाची फारशी कदर झाली नाही. १९४२ साली सिंगापूर पडल्यावर जपान्यांना ब्रिटिश रडारविषयीच्या टिपणांत ‘यागी’ हा शब्द सापडला, आणि त्याचा अर्थ एका युद्धकैद्याला विचारावा लागला, अशी हकीकत सांगतात. तो म्हणाला, “अहो, हे तर तुमच्याच प्राध्यापकाचे नाव!”

जुन्या प्रक्षेपणाचा एक गुण होता. वैद्याने नाडी पाहावी तसा चित्र पाहून दोष ओळखता येई. मुंग्या दिसल्या तर लहर क्षीण. माणसामागे त्याचीच फिकट सावली उभी राहिली तर लहर एखाद्या इमारतीवर आपटून दुसऱ्या वाटेनेही येत आहे. ठिणग्यांसारखे ठिपके उडाले तर शेजारी मिक्सर फिरतो आहे. चित्र बिघडे, पण बिघडता बिघडता कारण सांगून जाई.

१२ जून २००९ रोजी अमेरिकेतील मोठ्या केंद्रांनी हे जुने प्रक्षेपण बंद करून अंकीय, म्हणजे डिजिटल, प्रक्षेपणच ठेवले. जुन्या संचाला जोडायची पेटी घेता यावी म्हणून सरकारने चाळीस डॉलरची कूपने वाटली. चित्र लख्ख आले. पण अंकांची रीत निराळी. लहर थोडी बिघडली तर पेटी चूक दुरुस्त करून घेते आणि पाहणाऱ्याला पत्ताही लागत नाही. मर्यादा ओलांडली, की चित्राचे चौकोन होतात आणि पडदा काळा पडतो. अभियंते याला ‘कडा’ म्हणतात. शेवटच्या पावलापर्यंत सपाटी, पुढे एकदम दरी!

फिलाडेल्फियात त्याचा अनुभव आला. तेथील एका लोकप्रिय केंद्राने त्या दिवशी आपले अंकीय प्रक्षेपण वरच्या पट्ट्यातून जुन्या सहा क्रमांकाच्या जागी आणले, आणि कित्येक घरांतून ते नाहीसेच झाले. पेट्यांच्या स्मरणात जुनीच जागा होती. नव्याने वाहिन्या शोधल्यावर काहींचे काम भागले. इतरांचे नडले ते लांबीपायी. सहाव्या क्रमांकाची लहर सुमारे साडेतीन मीटर लांब. तिला नीट पकडायला पावणेदोन मीटरची दांडी लागते. घरोघरी होते टीचभर अँटेने. शिवाय विजेच्या उपकरणांचा गोंगाट याच पट्ट्यात अधिक. अखेर केंद्राला शक्ती वाढवण्याची परवानगी मिळाली. केबलचे मासिक पैसे ज्यांना परवडत नव्हते, अशा अनेकांना मात्र संच बिघडला की आपले काही चुकले, हेसुद्धा काळा पडदा सांगत नव्हता.

म्हणून उपायांचा क्रम ध्यानात ठेवावा. आधी वाहिन्या नव्याने शोधाव्यात. मग दांडीची लांबी, दिशा आणि उंची पाहावी. तारेचे सांधे गंजले आहेत का, त्यांत पाणी शिरले आहे का, ते तपासावे. लहर वाढवणारे यंत्र सर्वांत शेवटी, कारण अति जोरदार लहरीनेही पेटी गोंधळते. आणि अँटेना थोडा फिरवून क्षणभर थांबावे. पेटीला विचार करायला वेळ लागतो.

मुंग्या त्रास देत, पण खोटे बोलत नसत. आता त्यांचे काम संचातील ‘सिग्नल’ दाखवणाऱ्या आकड्याकडे आले आहे. तो वाचायला खाली कोणीतरी हवे, आणि दांडी फिरवायला वर कोणीतरी. तेवढा जुना संवाद अजून शिल्लक आहे.