करुणा (ख्रिस्ती जीवनातील)

ख्रिस्ती धर्मविचारात करुणा म्हणजे उपजत हळवेपणा नव्हे. ती प्रार्थनेने आणि प्रत्यक्ष सेवेने वाढत जाणारी वृत्ती आहे. लूकच्या शुभवर्तमानातील (अध्याय १०) दाखल्यात जखमी वाटसरूला उचलणारा शोमरोनी यहुद्यांनी तुच्छ लेखलेल्या समाजातला आहे. शेजारी कोणाला म्हणायचे, या प्रश्नाला येशूने दिलेले हे उत्तर.

ही वाढ मराठी मुलखात पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) चरित्रात स्पष्ट दिसते. १८७० च्या दशकातील दुष्काळात, वणवण करताना, त्यांचे आईवडील व बहीण दगावली. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. मुंबईत काढलेले शारदा सदन (१८८९) मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते. १८९६-९७ च्या दुष्काळात मात्र त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या मुली घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मग सर्व जातींच्या स्त्रियांना आसरा मिळाला. स्वतः सोसलेली भूक आणि नवी श्रद्धा, यांपैकी कशाचा वाटा किती, हे येथे वेगळे काढता येत नाही.

अशीच सेवा वऱ्हाडातही दिसते: अचलपूरच्या भागात कोठारा येथे ख्रिस्ती मिशनने कुष्ठरुग्णांची शुश्रूषा आरंभिली. अशा कार्यावर धर्मांतराच्या हेतूचा आक्षेप घेतला गेला, आणि तो सर्वस्वी निराधार नव्हता. वऱ्हाडातल्याच मूर्तिजापुरातील संत गाडगे महाराजांच्या (१८७६–१९५६) सेवाकार्याची मुळे मात्र कीर्तनपरंपरेत आहेत.