मागावरचा पहिला धडा

तांबडा, तांबडा, निळा. पुन्हा तांबडा, तांबडा, निळा. आता पुढे कोणता? संगणकाच्या पहिल्या पाठात हल्ली लहान मुलांस असे प्रश्न घालतात. आज्ञा क्रमाने मांडणे, तोच क्रम पुनःपुन्हा फिरविणे आणि रंगाशी रंग जुळविणे ही ह्या विद्येची मुळाक्षरे होत. ती परदेशांतून यंत्राबरोबर आली, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. परंतु ज्या जिल्ह्यास २०२४ पासून अहिल्यानगर म्हणतात, त्या नगर जिल्ह्यातील साळी, कोष्टी व मोमीन ह्यांच्या घरी हा धडा पिढ्यान्‌पिढ्या मागावर गिरविला गेला आहे.

१९ व्या शतकात नगरची लुगडी नावाजलेली होती. चौकडीचे लुगडे विणावयाचे, तर ताण्यात समजा आठ तांबडे आणि चार काळे धागे लावावयाचे आणि हाच क्रम सबंध पन्हाभर चालवावयाचा. मग धोट्यानेही आडव्या धाग्यांत तोच हिशेब राखावयाचा. आडवा धागा चुकला, तर विणकर तेवढा उसवून काढील. परंतु ताणा लावतानाच क्रम चुकला, तर ती चूक नऊवारी लुगड्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत धावते. पुनरावृत्ती जशी श्रम वाचविते, तशी चूकही वाढविते, हे तत्त्व विणकराच्या मुलास पाटीवर नव्हे, तर प्रत्यक्ष वस्त्रावर कळत असे.

शेवगाव तालुक्याच्या उत्तरेस गोदावरी ओलांडली की पैठण लागते. तेथील पैठणीच्या पदरावर प्रत्येक रंगाची निराळी कांडी घेऊन, धागे मोजून नक्षी उतरवितात. ती सारी गणती विणकराच्या स्मृतीत असते. फ्रान्समध्ये जॅकार्ड ह्याने १८०४ च्या सुमारास ही स्मृती छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांत साठविली. छिद्र असेल तेथे धागा उचलला जाई, नसेल तेथे तो तसाच राही. आणि पुठ्ठ्यांची माळ फिरून आली की नक्षीही फिरून येई. हीच कल्पना इंग्लंडात बॅबेज ह्याने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी घेतली आणि त्या यंत्राकरिता १८४३ साली एडा लव्हलेस हिने आवर्तनांसह गणिताची कृती लिहून प्रसिद्ध केली.

नगरातही २० व्या शतकाच्या आरंभी अमेरिकन मराठी मिशनच्या चर्चिल ह्यांनी सुधारलेला हातमाग सिद्ध केला. त्याने विणकराच्या हातास वेग दिला. स्मृती मात्र विणकराजवळच राहिली.

म्हणूनच येथे एक खेद वाटतो. जॅकार्डचे पुठ्ठे संग्रहालयांत जपले गेले. आमच्या विणकरांच्या डोक्यातील गणती त्यांच्याबरोबर पुष्कळशी लोपली. ज्यास अक्षर येत नाही त्यास विद्या नाही, असे आम्ही सुशिक्षितांनी मानले आणि ती लिहून ठेवण्याचे कष्ट घेतले नाहीत. आज आपले मूल पडद्यावर रंग जुळवू लागले, तर घरातील एखादे जुने लुगडे त्याच्यापुढे उलगडावे व त्याच्या काठातील धागे त्यास मोजावयास सांगावे.