विमानतळ आणि आमचा सातबारा

आमच्या पेणला ‘विमानतळ येतोय’ हे वाक्य मी शाळेत असल्यापासून ऐकतो आहे. तेव्हा तो रेवस-मांडव्याला यायचा होता. खारेपाटात चौकशीला माणसं येत, बांधावर उभी राहून पश्चिमेकडे हात करत. मग तो तिकडे न येता पनवेलला गेला.

गरज मात्र खरी होती. जुहूचा विमानतळ १९२८चा. १५ ऑक्टोबर १९३२ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले ते तिथेच. पुढे सांताक्रूझ झालं, १९८१मध्ये सहारची इमारत उभी राहिली. पण तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात आणि चहूबाजूंनी वस्ती. नवी इमारत बांधून ही अडचण सुटणार नव्हती.

सिडकोने पनवेलजवळची जागा पुढे केली. २००७मध्ये केंद्राने तत्त्वतः मान्यता दिली, २०१०मध्ये पर्यावरण खात्याची परवानगी मिळाली. ११६० हेक्टर जागेसाठी उलव्याचा डोंगर कापला, उलवे नदी वळवली, दहा गावं उठवली. १८ फेब्रुवारी २०१८ला भूमिपूजन, ८ ऑक्टोबर २०२५ला उद्घाटन आणि २५ डिसेंबरपासून प्रवासी वाहतूक. पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवाशांची सोय आहे.

या तारखांच्या आधीची एक तारीख मला अधिक महत्त्वाची वाटते. जानेवारी १९८४मध्ये नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यावरून जासई परिसरात गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचं तत्त्व आलं. विमानतळाच्या गावांना पुढे साडेबावीस टक्के मिळाले, ते याच वाटेने. २०२१मध्ये त्यांच्या नावासाठी माणसं रस्त्यावर उतरली, तेव्हा मुंबईकरांना तो नुसता नामकरणाचा वाद वाटला. आमच्याकडे तो हिशेब होता.

पेणचा अनुभव थोडा वेगळा. महामुंबई सेझच्या वेळी, २१ सप्टेंबर २००८ला, हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सरकारनेच शेतकऱ्यांचा कौल घेतला. त्याचा निकाल अधिकृतपणे बाहेर आला नाही. भूसंपादनाची मुदत मात्र उलटली. जमिनी वाचल्या. हेटवण्याचं पाणी नवी मुंबईला जातं. आमच्या शेतापर्यंत कालवा आलेला नाही.

आता विमानतळाच्या मागोमाग ‘तिसरी मुंबई’ आली आहे. २०२४च्या अधिसूचनेत उरण, पनवेल आणि पेणची १२४ गावं आहेत. चुलतभावाने सातबारा काढून आणला. त्यावर रोह्याच्या आत्याचंही नाव आहे, म्हणून आम्ही दोघं दिव्याहून येणाऱ्या गाडीने रोह्याला गेलो. आत्याने चहा दिला, कागद चष्म्याजवळ धरून सगळी नावं वाचली, स्वतःच्या नावावर बोट ठेवलं.

“कालवा आला का रे?” तिने विचारलं.

“नाही, आत्या.”

“मग भाव कसला करताय? कोरड्या जमिनीचा की भिजलेल्या?”

भाऊ माझ्याकडे बघू लागला. परतीच्या गाडीला अजून पाऊण तास होता. आत्याने कागदाची घडी घातली आणि तो स्वतःच्या ट्रंकेत ठेवला.