चंद्रकोरीची खाच

डोळे म्हणजे नुसता कॅमेरा. खरं प्रोसेसिंग चालतं डोक्याच्या पार मागे, जो भाग आपण उशीवर टेकतो तिथे. १७७६ साली इटलीतल्या पार्मा गावात फ्रान्चेस्को जेन्नारी नावाचा विद्यार्थी गोठवलेला मेंदू कापत होता, तेव्हा नेमक्या याच भागात त्याला एक पांढरी रेघ दिसली. तिचा नजरेशी संबंध आहे हे त्या बिचाऱ्याला कळणं शक्यच नव्हतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कैरोमध्ये शिकवणाऱ्या ग्रॅफ्टन एलियट स्मिथने ही रेघ धरून नजरेच्या भागाची हद्द शोधली. चिंपांझीमध्ये हा भाग मेंदूच्या बाहेरच्या बाजूवर ऐसपैस पसरलेला असतो आणि त्याच्या पुढच्या हद्दीवर चंद्रकोरीसारखी खाच असते. स्मिथचं म्हणणं, ही खाच माणसातही आहे, फक्त बरीच मागे सरकलेली. नाव दिलं ल्युनेट सल्कस. (ल्यूना म्हणजे चंद्र, बाकी काही नाही.)

सरकली का? तर माणसाचा मेंदू चिंपांझीच्या तिप्पट, पण नजरेचा हा पहिला भाग जेमतेम दीडपट. शेजारची डिपार्टमेंटं फुगत गेली आणि याला मागच्या कोपऱ्यात, दोन अर्धगोलांच्या मधल्या फटीत जागा मिळाली!

आता खरी गंमत. याच स्मिथच्या हाताखाली लंडनमध्ये काम केलेला रेमंड डार्ट जोहान्सबर्गला गेला. १९२४ मध्ये ताउंगच्या चुनखडीच्या खाणीतून त्याच्याकडे एका लहान मुलाची कवटी आली. आत भरलेल्या मातीचा दगड होऊन मेंदूचा साचाच तयार झाला होता. डार्टने त्यावर ल्युनेट शोधली, ती सापडली माणसासारखी मागे. मेंदू वानराएवढा, पण रचना माणसाकडे झुकलेली! फेब्रुवारी १९२५ मध्ये त्याने 'नेचर'मध्ये जाहीर केलं, हा आपल्या पूर्वजांपैकी एक. बड्या लोकांना ते पटलं नाही. त्यांच्या डोक्यात मोठ्या मेंदूचा पिल्टडाउन मानव बसला होता, आणि तो बनावट असल्याचं उघड व्हायला १९५३ उजाडलं.

पण खाचेचं काय? १९८० मध्ये डीन फॉकने सांगितलं, डार्टने दाखवलेली रेषा ही खाच नाहीच, तो कवटीच्या हाडांचा सांधा आहे. खरी खाच पुढे, वानरासारखी. राल्फ हॉलोवेला हे अजिबात मान्य नव्हतं. मग दोघांचं जे जुंपलं ते पुढची कितीतरी वर्षं. दगडावरच्या पुसट रेघेवरून! हसू येतं, पण पणाला लागलेला प्रश्न मोठा होता. आधी मेंदू वाढला की आधी त्याची मांडणी बदलली? आपल्या भाषेत, आधी हार्डवेअर की आधी आर्किटेक्चर?

२००६ मध्ये एमआरआय काढून हयात माणसांत ल्युनेट शोधली, तर वानरासारखी खरीखुरी खाच क्वचितच सापडली. म्हणजे माणसात ती मागे सरकली म्हणण्यापेक्षा बहुतेकांत ती राहिलीच नाही, असं मला जास्त पटतं.

२०२० मध्ये इथिओपियातल्या दिकिका इथल्या ३३ लाख वर्षांपूर्वीच्या मुलीच्या कवटीचं फार बारकाईने केलेलं स्कॅनिंग प्रसिद्ध झालं. त्यात खाच स्पष्ट दिसली, अगदी वानराच्या जागी. तिच्या जातीपुरता तरी निकाल फॉकच्या बाजूने लागला.

आणि डार्ट? ताउंगचं मूल माणसाच्या कुळातलं हे त्याचं म्हणणं टिकलं. पाठीचा कणा कवटीला खालून जोडला जात होता, म्हणजे ते दोन पायांवर चालत होतं, हेही त्यानेच लिहून ठेवलं होतं. खाचेची गरजच नव्हती.