पायडल मारणारे नगर

सायकलवरून जाणारा म्हातारा माणूस ही आमच्या नगरमध्ये कधी बातमी नव्हती. पायजमा चेनमध्ये अडकू नये म्हणून घोट्याशी क्लिप लावलेली, हँडलला पिशवी, कॅरिअरवर दप्तर नाहीतर धान्याचे पोते, असे पंचावन्न-साठीचे लोक रोज रस्त्यावर दिसत. त्यांना कुणी शाबासकी देत नसे आणि ‘या वयात कशाला?’ असेही कुणी विचारत नसे. आज माझे वय ७४ आहे. मधुमेह जुना, हृदयाच्या एका रक्तवाहिनीत स्टेंट, उजवा गुडघा अधूनमधून कुरकुरणारा. तरी मी रोज सकाळी सायकल चालवतो, तर लोक थांबून विचारतात, “सर, गाडी बंद पडली का?” पन्नास वर्षांत असे काय बदलले, की रोजची साधी गोष्ट नवलाची झाली? त्याचाच थोडा इतिहास आज सांगायचा आहे.

आज आपण चालवतो तशी, दोन सारख्या चाकांची आणि मागच्या चाकाला चेन असलेली सायकल इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ले यांनी १८८५ मध्ये आणली. १८८८ मध्ये डनलॉप या बेलफास्टमधल्या जनावरांच्या डॉक्टरांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले, तेही १८८८ सालीच असे सांगतात. किर्लोस्करांचे नाव आपण नांगर आणि इंजिनांशी जोडतो, पण त्या उद्योगाची पहिली पायरी सायकलचे दुकान होती. तेव्हा सायकल ही साहेबांची आणि श्रीमंतांची चीज होती. सामान्य माणसाच्या हातात ती आली स्वातंत्र्यानंतर. मद्रासला १९४९ मध्ये, सोनीपतला १९५१ मध्ये, आसनसोलला १९५२ मध्ये आणि लुधियानाला १९५६ मध्ये कारखाने उभे राहिले, आणि काळी, मजबूत, उंच दांडीची सायकल खेडोपाडी पोचली.

आमच्या जिल्ह्यात ती अगदी योग्य वेळी आली. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे गाळप १९५० च्या अखेरीस सुरू झाले. पुढे जिल्ह्यात कारखाने वाढत गेले. भोंगा झाला की पाळीवर जाणाऱ्या कामगारांच्या सायकली रांगेने निघत. दोन्ही बाजूंना किटल्या अडकवलेला दूधवाला, खाकी पिशवीचा पोस्टमन, तलाठी, कंपाउंडर आणि आम्ही प्राथमिक शिक्षक, सगळ्यांचा भार दोन चाकांवर होता. मोठ्या गावांत नगरपालिका सायकलीवर कर घेई आणि बिल्ला देई. दिव्याशिवाय किंवा डबलसीट दिसलात तर पोलीस चाकातली हवा सोडून देत. शाळकरी मुले तासावर भाड्याने सायकल घेत आणि दांडीखालून पाय घालून शिकत. मीही तसाच शिकलो, दोन्ही गुडघे फोडून घेत.

१९७२ मध्ये मी जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरीला लागलो. दुष्काळाचे साल ते. शाळा घरापासून आठ किलोमीटर. जाऊन-येऊन रोज सोळा किलोमीटर, त्यात निम्मा रस्ता खडीचा. वाटेत दुष्काळी कामांवर खडी फोडणारी माणसे दिसत. त्यांच्यापुढे आपले सायकल हाणणे म्हणजे कष्ट आहेत असे म्हणायचीही सोय नव्हती. व्यायाम हा शब्द तर तालमीसाठी राखून ठेवलेला होता.

त्याच १९७२ मध्ये आणखी एक गोष्ट घडली, आणि ती तर आमच्या गावाशी जोडलेली. नगरचे भाऊसाहेब तथा कुंदनमल फिरोदिया हे वकील, स्वातंत्र्यसैनिक आणि पुढे मुंबई विधानसभेचे अध्यक्ष. त्यांचे चिरंजीव हस्तीमल फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने लूना ही पन्नास सीसीची मोपेड बाजारात आणली. कंपनीचा कारखाना नगर-दौंड रस्त्यावर. देशभर गाजलेली ही गाडी नगरकरांना घरचीच वाटे. लूनाला पायडल होते. पायडल मारून ती सुरू करायची, चढाला जोर कमी पडला की पायांनी हात द्यायचा, पेट्रोल संपले तर सायकलसारखी रेटत घरी आणायची. सायकलच्या माणसाला इंजिनाची सवय लावणारी अशी ती मधली पायरी होती.

मी लूना घेतली १९८३ मध्ये. फार आनंद झाला होता. घामेजलेला सदरा वर्गात वाळवायची वेळ गेली, आईला दवाखान्यात मागे बसवून नेता आले, संध्याकाळचा तासभर हाती राहिला. जिच्यामुळे इतक्या घरांचे कष्ट कमी झाले, त्या गाडीला नावे ठेवायची माझी इच्छा नाही. पण कष्ट गेले त्याबरोबर आणखी काही गेले, आणि ते गेल्याचे कुणाच्या लक्षात आले नाही. लूनामागून स्कूटर आल्या, मोटारसायकली आल्या, पायडल नाहीसे झाले. २०२४ मध्ये विजेवर चालणारी ई-लूना आली, तिलाही पायडल नाही. नगरकरांच्या पायांना पूर्वी न मागता मिळणारे रोजचे काम असे टप्प्याटप्प्याने सुटले. नेमक्या याच काळात आमची पिढी पन्नाशीत शिरली आणि घरोघरी साखर, रक्तदाब आणि गुडघे हे बोलण्याचे विषय झाले.

माझी साखर वाढल्याचे कळले वयाच्या पन्नाशीच्या आत. निवृत्तीनंतर काही वर्षांनी, २०१६ मध्ये छातीत दुखले आणि अँजिओप्लास्टी झाली. घरी आल्यावर दोन महिने मी जपून, भिंतीला धरल्यासारखा जगलो. भेटायला येणारा प्रत्येक जण ‘आता आराम करा’ म्हणे. डॉक्टरांनी मात्र ताणचाचणी घेतली आणि म्हणाले, “आरामाने हृदय बळकट होत नाही. चाला, आणि पुढे जमेल तसे सायकल चालवा.” गुडघ्यामुळे फार चालवत नव्हते. सायकलवर शरीराचा बराचसा भार सीट घेते, गुडघा फक्त फिरतो. म्हणून चालण्यापेक्षा सायकलच मला सोसली.

मधुमेही माणसाला सायकलचा उपयोग का होतो, तेही साधे आहे. शरीरातले सर्वांत मोठे स्नायू मांड्यांत आणि कमरेखाली असतात. ते काम करू लागले की रक्तातली साखर ओढून घेतात, आणि हा परिणाम उतरल्यानंतरही काही तास टिकतो. डेन्मार्कमध्ये ५० ते ६५ वयाच्या पन्नास हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांची अनेक वर्षे पाहणी झाली. २०१६ मध्ये तिचे निष्कर्ष आले. नियमित सायकल चालवणाऱ्यांत मधुमेह कमी आढळला, आणि उतारवयात सायकल सुरू केलेल्यांनाही हा फायदा दिसला. इंग्लंडमध्ये ५५ ते ७९ वयाच्या १२५ हौशी सायकलस्वारांची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. त्यांचे स्नायू वयाच्या मानाने चांगले टिकलेले होते. नेदरलँड्समधले एक उदाहरण तर डॉक्टरांनाही चकित करणारे होते. कंपवाताने, म्हणजे पार्किन्सनने, जवळजवळ चालता न येणारा ५८ वर्षांचा रुग्ण सायकलवर बसवल्यावर सहज चालवू लागला. निजमेगेनच्या डॉक्टरांनी २०१० मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध केली. फ्रान्सच्या रॉबर्ट मार्शां यांनी २०१७ मध्ये, वयाच्या १०५ व्या वर्षी, एका तासात साडेबावीस किलोमीटर अंतर कापले होते. आपल्याला विक्रम नको आहेत. दहा-बारा किलोमीटर पुरेत.

माझी वाट सावेडीतून तारकपूरकडे, तिथून किल्ल्याच्या बाजूने भिंगार आणि परत. भुईकोट किल्ल्याजवळ आलो की मला १९४२ आठवते. ऑगस्टमध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे बारा नेते इथे आणून कोंडले गेले आणि त्यांतले बहुतेक १९४५ पर्यंत राहिले. सरदार पटेल ६६ वर्षांचे, आतड्याच्या दुखण्याने बेजार. आचार्य नरेंद्र देवांना दमा. मौलाना आझादांच्या पत्नी कलकत्त्यात वारल्या, पण यांना इथून हलता आले नाही. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथे लिहिले हे सगळ्यांना ठाऊक असते. त्याच पुस्तकाच्या सुरुवातीला बागकामाचा उल्लेख आहे, तो मात्र फारसा कुणाच्या लक्षात राहत नाही. दगड-विटांच्या तुकड्यांनी भरलेल्या त्या आवारात ते उन्हात तासन्‌तास खणत आणि फुलझाडांचे वाफे करत. सुटका कधी हे कुणालाच माहीत नव्हते. तरी अंगाला काम आणि उघड्यावरची हवा त्यांनी सोडली नाही. आपल्याला तर भिंतीही नाहीत आणि पहारेकरीही नाहीत.

मग अडते कुठे? पहिली अडचण प्रतिष्ठेची. सायकल म्हणजे गरिबी, हे आमच्याच पिढीने मुलांच्या मनात भरवले. त्यात मी वापरतो ती खाली वाकवलेल्या दांडीची, जिला आपण लेडीज सायकल म्हणतो. जुन्या उंच दांडीवरून पाय टाकायला कंबर वळत नाही आणि तोल जातो. पहिले काही दिवस ओळखीचे लोक हसले, नंतर त्यांतल्याच दोघांनी तशीच घेतली. दुसरी अडचण मुलांच्या काळजीची. माझे एक सहकारी एकदा घसरले, फारसे लागले नाही. पण मुलाने सायकल काढून टाकली. दोन वर्षांत त्यांना जिना चढवेना. मुलाची माया खोटी नव्हती. पण पडण्याची भीती दिसते, बसून राहण्याचे नुकसान दिसत नाही.

तिसरी अडचण रस्त्याची, आणि ती खरी आहे. आमच्या जिल्ह्यात उसाचा हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या पहाटेच रस्त्यावर येतात. कित्येकांना मागे लाल दिवा नसतो, साधा रिफ्लेक्टरही नसतो. शहरात २०२२ मध्ये उड्डाणपूल झाला, चांगले झाले. पण कडेने जाणाऱ्या सायकलला हातभर जागा सुरक्षित मिळावी, हे अजून कुणाच्या यादीत आलेले नाही. साखर कारखान्यांनी प्रत्येक वाहनाला रिफ्लेक्टर लावूनच उसाची पावती द्यावी, एवढे झाले तरी अनेक म्हाताऱ्यांचा आणि शाळकरी मुलांचा जीव वाचेल.

बायकांविषयीही बोलले पाहिजे. भाड्याची सायकल घेऊन शिकण्याची सोय आमच्या वेळी मुलांनाच होती. माझ्या वयाच्या बहुतेक बायकांना सायकल येत नाही, आणि मधुमेह व गुडघे तर त्यांनाही चुकलेले नाहीत. त्यांच्यासाठी तीनचाकी सायकल मिळते, पण ती चालवायला निवांत मैदान हवे. सकाळी दोन तास शाळांची मैदाने उघडी ठेवली, तर तेही जमण्यासारखे आहे.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांना अनुभवाने सांगतो. आधी डॉक्टरांना विचारा. सीट अशी ठेवा की पायडल खाली गेल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहील. सीट बुटकी असली की गुडघे दुखतात. चढाला हलका गिअर, आणि चढ फार असेल तर उतरून हातात धरून चालावे, त्यात कमीपणा नाही. वेग एवढाच की शेजाऱ्याशी बोलता येईल. हृदयाच्या काही गोळ्या नाडीचा वेग मुळातच कमी ठेवतात, म्हणून घड्याळातल्या आकड्यावर विसंबू नका. मधुमेहींनी खिशात साखर किंवा गूळ ठेवावा. छातीत दाटले, घाम फुटला तर तिथेच थांबावे, घरी पोचायची घाई करू नये आणि लगेच मदत मागावी. डोक्याला हेल्मेट, मागे लाल दिवा, खिशात नाव आणि घरचा फोन लिहिलेली चिठ्ठी. सायकलने हाडांवर फारसा भार येत नाही, म्हणून थोडे चालणेही ठेवावे.

माझा मधुमेह बरा झालेला नाही. स्टेंट आहे तिथेच आहे, गोळ्या चालू आहेत. पण जिना मी कठड्याला न धरता चढतो, भाजी स्वतः आणतो, आणि तपासणीला दवाखान्यात सायकलवर जातो. गेल्या महिन्यात तिथल्या वॉचमनने सायकल लावायला जागा नाही म्हणून सांगितले. मी म्हणालो, मोटारसायकलींच्या रांगेत लावतो. त्याने क्षणभर पाहिले आणि स्वतःच एक गाडी सरकवून जागा करून दिली. तेवढी जागा गावाने करून दिली, तर नगरचे म्हातारे पुन्हा पायडल मारू लागतील.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)