पाण्यावरचा रविवार



यंदाच्या मालेसाठी आम्ही हा विषय कळविला तेव्हा चिटणीसांचे उलट पत्र आले, की विषय लिहिताना काही चूक तर झालेली नाही ना? गिरणीच्या दारात भाषणे करण्यात ज्याची हयात गेली, त्याने वॉटर स्कीइंगवर, म्हणजे धावत्या मोटरबोटीच्या मागे दोराला धरून पाण्यावरून घसरत जाण्याच्या खेळावर, बोलावे हे त्यांना चमत्कारिक वाटले असावे. आपल्यापैकी बहुतेकांनी हा खेळ पाहिला असेल तो पडद्यावर. निळे पाणी, पांढरी बोट आणि मागे हसत येणारी नायिका. श्रीमंतांचा चाळा, असेच आमचेही मत होते. इतिहास वाचू लागलो तेव्हा ते बदलावे लागले. सगळे नव्हे, पण बरेचसे.

अमेरिकेत मिसिसिपी नदी मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या दोन राज्यांच्या सीमेवर एके ठिकाणी एकदम रुंद होते. त्या रुंद पाण्याला पेपिन सरोवर म्हणतात. त्याच्या काठच्या लेक सिटी या लहानशा गावात राल्फ सॅम्युएलसन नावाचा अठरा वर्षांचा पोरगा राहत होता. हिवाळ्यात बर्फावरून फळ्यांवर घसरता येते, तर उन्हाळ्यात पाण्यावरून का येऊ नये, असे त्याच्या मनाने घेतले. त्याने आधी पिंपाच्या फळ्या पायांना बांधून पाहिल्या. बुडाला. मग बर्फावरच्या स्की बांधल्या. पुन्हा बुडाला. अखेरीस त्याने आठ फूट लांब व नऊ इंच रुंद अशा पाइनच्या दोन फळ्या आणल्या, आईच्या तांब्याच्या भांड्यात त्यांची टोके उकळली आणि शेगड्यात आवळून ती वर वाकवली. पाय अडकवायला चामड्याचे पट्टे ठोकले. दोर म्हणून खिडकीच्या तावदानाची शंभर फूट दोरी घेतली आणि हातात धरायला लोहाराकडून एक लोखंडी कडे करून घेतले. बोट चालवायला त्याचा थोरला भाऊ बेन होता.

तरीही तो पडतच होता. टोके पाण्याच्या पातळीत ठेवली की बोटीने ओढ देताच ती खाली घुसत. मग त्याच्या ध्यानात आले, की निघतानाच टोके पाण्याच्या वर धरावीत आणि अंग मागे टाकावे. म्हणजे दोर पुढे ओढतो, पाणी फळीच्या तळव्याला खालून रेटते आणि माणूस त्या रेट्यावर उभा राहतो. २ जुलै १९२२ रोजी तो असा उभा राहिला. आम्ही पंचांग मोजून पाहिले. तो दिवस रविवारचा होता.

पुढची काही वर्षे तो गावोगाव या कसरती करून दाखवीत हिंडला. १९२५ साली डुंबणाऱ्यांच्या तराफ्याला डुकराची चरबी फासून त्याने त्यावरून उडी मारली; पाण्यावरील स्कीची ती पहिली उडी समजतात. लेक सिटीतल्या खेळांचे प्रवेशाचे पैसे गावच्या बंदराच्या कामी लागले. एकस्व, ज्याला आपण पेटंट म्हणतो, ते त्याने घेतले नाही. ते घेतले न्यूयॉर्कच्या फ्रेड वॉलर यांनी, त्याच १९२५ साली. हे वॉलर म्हणजे १९५२ मध्ये ज्यांचा सिनेरामा गाजला तेच. त्यांनी फळ्यांना ‘डॉल्फिन अक्वास्कीज’ असे नाव देऊन त्या बाजारात आणल्या. वॉलर हे खरोखरीच कल्पक गृहस्थ होते, त्यांनी काही चोरले असे आम्ही म्हणत नाही. परंतु कागद ज्याच्या हाती, त्याचे नाव आधी लिहिले जाते.

आता बोटीचे पाहू. पोराजवळ फळ्या असल्या तरी ओढायला इंजिन हवे. विस्कॉन्सिनमधील मिलवॉकी येथे ओले एव्हिन्रुड नावाचा नॉर्वेहून आलेला एक यंत्रकारागीर होता. प्रेयसीसाठी आइस्क्रीम आणायला त्याला उन्हात तलावभर वल्हवावे लागले आणि त्या श्रमांतून त्याला युक्ती सुचली, अशी गोष्ट सांगतात. खरे असो वा नसो, १९०९ मध्ये त्याने होडीच्या पाठीमागे लटकवायचे सुटे इंजिन विकावयास काढले. शक्ती दीड अश्वशक्ती, वजन ६२ पौंड आणि किंमत ६२ डॉलर. ते माणसाला फळीवर उभे करू शकणारे नव्हते. पण सुट्या इंजिनाची शक्ती वाढत वाढत १९५८ मध्ये ५० अश्वशक्तीवर गेली, आणि साध्या कौटुंबिक होडीमागे मुलांना उभे करता येऊ लागले. फायबरग्लासची होडी आली, दरवर्षी फटी बुजवण्याचा व रंग लावण्याचा त्रास बराच उणावला. गाडीमागे दोन चाकांवर होडी जोडावी, तलावावर जावे, संध्याकाळी परत आणून अंगणात ठेवावी.

पण जायचे कधी? इथे आमचा विषय येतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी मिळवली ती १८९० साली, आणि ती किती सभा, किती अर्ज यांनंतर मिळाली हे या व्यासपीठावर निराळे सांगावयास नको. अमेरिकेतही सुट्टी आकाशातून पडली नाही. तिथे १९३८ चा मजुरीविषयक कायदा झाला तेव्हा आठवड्याचे तास आधी ४४, मग ४२ आणि १९४० पासून ४० झाले. त्यापुढच्या प्रत्येक तासाला दीडपट पैसे. शेतमजूर आणि घरकाम करणारे त्यातून वगळले होते, हेही सांगितले पाहिजे. तरीपण कारखान्यातल्या माणसाला शनिवार-रविवार असा दोन दिवसांचा मोकळा तुकडा मिळू लागला. बोट बाळगायची तर पैशाआधी हा तुकडा लागतो.

आणि पाणी? मिनेसोटात देवाने तलाव दिले. दक्षिणेत ते सरकारने बांधले. १९३३ मध्ये टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी स्थापन झाली, धरणामागून धरण उठले, वीज झाली, पूर आवरले आणि डोंगराळ मुलखात मैलोगणती सपाट पाणी पसरले. त्यावर पुढे हजारो बोटी धावल्या. परंतु १९३६ साली पुऱ्या झालेल्या एकट्या नॉरिस धरणाने सुमारे ३००० कुटुंबे उठवली. कोयनाकाठच्या माणसाला हे समजावून द्यावे लागणार नाही. दुसरेही एक. त्या खोऱ्यातील काठ सर्वांना सारखे खुले नव्हते. चिकमॉगा तलावाकाठी बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या नावाचे उद्यान काढले ते काळ्यांसाठी वेगळे म्हणून. महापुरुषाचे नाव देऊन माणसांना बाजूला बसवण्याची ही रीत आपल्याला अगदीच अपरिचित नाही. १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा होईतो असल्या पाट्या कायद्याच्या आधाराने टिकून होत्या.

स्कीसाठीच म्हणून बांधलेल्या बोटींत करेक्ट क्राफ्ट या फ्लोरिडातील कारखान्याची कथा आम्हाला विशेष वाटते. मेलून नावाच्या धर्मनिष्ठ कुटुंबाचा हा कारखाना १९२५ साली निघाला. १९४५ च्या फेब्रुवारीत ऱ्हाइन नदी ओलांडण्यासाठी अमेरिकन सैन्याला घाईने होड्या हव्या होत्या. महिन्याला पन्नासही होड्या न बांधणाऱ्या या कारखान्याने दोनतीन आठवड्यांत तीनशेहून अधिक बांधून दिल्या. आणि युद्धाची निकड असूनही रविवारी काम केले नाही! धर्माज्ञा म्हणून का होईना, मालकाने कामगाराचा रविवार राखला आणि मालही वेळेवर गेला. “सुट्टी दिली तर उत्पादन बुडेल” असे म्हणणारे आम्हाला आयुष्यभर भेटले. त्यांना आम्ही हा दाखला देत असतो.

याच कारखान्याने पुढे सैन्याच्या होड्यांचा मोठा मक्ता घेतला. तपासनिसांना लाच देण्याचे नाकारले म्हणून होड्या मोठ्या संख्येने नापास झाल्या, असे कंपनी सांगत आली आहे. १९५८ मध्ये दिवाळे वाजले. देणेकऱ्यांचा पैसा त्यांनी पुढे कित्येक वर्षे फेडत आणला. त्या बिकट काळातच त्यांच्या हाती ‘स्की नॉटिक’ ही बोट आली. मायामीत स्कीची शाळा चालवणारे लिओ बेंट्झ यांनी ती आखली होती, आणि १९६१ पासून ती करेक्ट क्राफ्टची झाली. बोटीमागे उठणारी लाट जितकी उंच तितका मागचा माणूस हेलकावतो. म्हणून स्कीच्या बोटीत इंजिन मधोमध ठेवतात आणि दोर बांधण्याचा खांबही मध्यावरच रोवतात. त्यामुळे बोट समतोल राहते, लाट बुटकी होते आणि दोराच्या हिसक्याने बोटीचे तोंड फिरत नाही. १९६८ मध्ये टेनेसीतील एका घोड्यांच्या तबेल्यात मास्टरक्राफ्टने बोटी बांधायला सुरुवात केली आणि चुरस लागली.

बोटीची मालकी ही काही निव्वळ मौज नव्हे. थंड मुलखात पानगळ आली की इंजिनातले पाणी थेंबन्थेंब काढावे लागते. राहिले तर त्याचे बर्फ होऊन ओतीव लोखंड तडकते. हप्ते, विमा, पेट्रोल आहेच. शिवाय हा खेळ एकट्याने होत नाही. एक बोट हाकणार, एक दोराला, आणि अमेरिकेतील अनेक राज्यांच्या कायद्याप्रमाणे तिसऱ्याने मागे तोंड करून पाहत बसायचे. इंजिनाच्या आवाजात बोलणे पोहोचत नाही, म्हणून खुणा ठरल्या आहेत. अंगठा वर म्हणजे वेग वाढव, अंगठा खाली म्हणजे कमी कर, गळ्यावरून हात फिरवला की थांब. पडल्यावर दोन्ही हात डोक्यावर जुळवले, म्हणजे मी ठीक आहे.

या अंगठ्यापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. मिशिगनमधील फ्लिंट येथे १९३६-३७ च्या हिवाळ्यात मोटार कामगार ४४ दिवस कारखान्यात ठाण मांडून बसले होते. त्यांचे एक मोठे गाऱ्हाणे पट्ट्याच्या वेगाचे होते. वेग वरून ठरे आणि हात त्याच्यामागे धावत. मिशिगन हाही तलावांचाच मुलूख. त्या कामगारांपैकी कोणी पुढे बोट घेऊन रविवारी तलावावर गेला असेल, तर तिथे वेग ठरवणार होता तो दोराला धरलेला माणूस, आणि इंजिनाशी बसलेल्याला ते ऐकणे भाग होते.

राहता राहिला सॅम्युएलसन. १९३७ मध्ये एक बोटघर बांधताना त्याची पाठ मोडली. खेळ सुटला, आणि तो मिनेसोटातच टर्की पक्षी पाळून राहू लागला. १९६३ मध्ये सेंट पॉल शहरातील एका दैनिकाची वार्ताहर बाई लेक सिटीला गेली असता तिला स्नानगृहाच्या भिंतीवर टांगलेल्या जुन्या, टोके वाकवलेल्या दोन फळ्या दिसल्या. तिने चौकशी केली. १९६६ मध्ये अमेरिकन वॉटर स्की संघटनेने या खेळाचा जनक म्हणून त्याचे नाव मान्य केले. तोपर्यंत तो साठी ओलांडून गेला होता.