घरातला पाहुणा, पोटभाडेकरू आणि १ फेब्रुवारी १९७३

१/ मुंबईत स्वतःच्या घरातली एक खोली परक्या माणसाला राहायला दिली आणि काही वर्षांनी ती परत मागितली, तर तो उठेल काय? विसाव्या शतकात याचे उत्तर त्याच्या सौजन्यावर नव्हे, तर कायद्याने त्याला दिलेल्या नावावर ठरत असे : भाडेकरू, पोटभाडेकरू, परवानाधारक की पेइंग गेस्ट. त्या नावांचा हा इतिहास. #थ्रेड

२/ पहिल्या महायुद्धात शहरात घरांची टंचाई झाली आणि भाडी भडकली. १९१८ मध्ये मुंबई सरकारने भाड्यावर पहिले निर्बंध घातले. पुढे १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा आला. तो १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलात आला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते, तेच सामान्यतः ‘प्रमाण भाडे’ मानले गेले.

३/ भाडे गोठले, तसा ताबाही गोठला. ‘मला जागा हवी आहे’ एवढे म्हणणे मालकाला पुरत नसे. गरज वाजवी आणि खरी असल्याचे न्यायालयात सिद्ध करावे लागे. ती सिद्ध झाली, तरी घर सोडल्याने भाडेकरूची होणारी अडचण मालकाच्या अडचणीपेक्षा मोठी ठरल्यास हुकूमनामा मिळत नसे.

४/ बहुतेक मुंबईकर स्वतःच भाडेकरू होते आणि भाड्याला हातभार म्हणून खोलीत आणखी कुणाला तरी ठेवत. तो झाला पोटभाडेकरू. १९४७ च्या कायद्याने पोटभाड्याला मनाई केली, पण प्रथा थांबली नाही. अखेर १९५९ मध्ये शासनाने वास्तव मान्य केले : २१ मे १९५९ पूर्वीपासून ताब्यात असलेल्या पोटभाडेकरूंना संरक्षण मिळाले.

५/ यावर मालकांनी शोधलेला मार्ग म्हणजे ‘लिव्ह अँड लायसन्स’. १८८२ च्या ईझमेंट कायद्यानुसार परवाना म्हणजे केवळ वापराची मुभा. जागेत हक्क निर्माण होत नाही. मुभा काढून घेतली, की सामानासह निघण्यापुरता वाजवी वेळ द्यायचा, इतकेच बंधन. भाड्याला ‘परवाना शुल्क’ म्हटले, की काम झाले!

६/ न्यायालये मात्र शब्दांना भुलत नव्हती. दिल्लीच्या एका हॉटेलमधील खोल्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये स्पष्ट केले, की कराराचे नाव नव्हे, आशय पाहावा. कागदावर परवाना लिहिलेला असूनही तो व्यवहार भाडेपट्टा ठरला.

७/ मग विधिमंडळाने निर्णायक पाऊल उचलले. १९७३ च्या दुरुस्तीनुसार १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू कराराखाली किमान एका खोलीत राहणारा परवानाधारक थेट भाडेकरू मानला गेला. तात्पुरती म्हणून दिलेली खोली अनेकांना परत मिळाली नाही. दुसरीकडे, दरवर्षी बिऱ्हाड हलवण्याच्या धास्तीतून असंख्य कुटुंबे सुटली. दोन्ही बाजूंना घराचाच प्रश्न होता.

८/ येथे एक अपवाद महत्त्वाचा. मालक स्वतः ज्या घरात राहतो, त्याच घराचा भाग ज्याला परवान्याने दिला आहे, तो ‘पेइंग गेस्ट’; त्याला हे संरक्षण नाही. एकाच छताखाली राहणाऱ्या परक्याला निरोप देण्याचा अधिकार कायद्याने राखून ठेवला. मालक अन्यत्र राहत असेल, तर मात्र ही व्याख्या लागू होत नसे. म्हणूनच ‘मालक इथेच राहतो का?’ हा कळीचा प्रश्न ठरला.

९/ डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमाण भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे म्हटले. १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. आता राहण्यासाठी दिलेल्या परवान्याची मुदत संपली, की जागा सोडणे बंधनकारक. न सोडल्यास सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद आणि दुप्पट दराने भरपाई. करार लेखी व नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मालकावर.

१०/ आजचा अकरा महिन्यांचा करार या इतिहासाच्या सावलीत उभा आहे. १९७३ ने मालकाच्या मनात बसवलेली भीती १९९९ ने दूर केली. पण परवान्यावर राहणाऱ्याची निश्चिती कराराच्या शेवटच्या तारखेपर्यंतच उरली. जुन्या पागडीच्या चाळीतला भाडेकरू आणि शेजारच्या टॉवरमधला परवानाधारक एकाच शहरात राहतात. त्यांच्यातले अंतर कायद्याच्या या अर्धशतकाने निर्माण केले आहे.